कर्सर का पळतो?

खरिपाची पेरणी उरकली, की बीड जिल्ह्यात दुसरी घाई सुरू होते, ती पीकविम्याची. गेवराई असो, केज असो की शिरूर कासार, जुलै महिन्यात सेवा केंद्रांसमोर सकाळपासून माणसे बसलेली असतात. हातात सातबारा, आठ-अ, बँकेचे पासबुक, आधार कार्ड आणि पीकपेऱ्याचे स्वयंघोषणापत्र. विमा कंपनीच्या नफ्याला मर्यादा घालणारा ‘बीड पॅटर्न’ २०२० च्या खरिपात याच जिल्ह्यात पहिल्यांदा राबवला गेला. पुढे २०२३ च्या खरिपापासून काही हंगाम राज्यभर एक रुपयात विमा उतरवता येत होता, आणि अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीने केंद्रचालकाला द्यायचे होते. अशा दिवसांत केंद्रातल्या संगणकावर सकाळी सुरू झालेले काम रात्रीपर्यंत तेच असते. तालुका निवडा, गाव निवडा, गट नंबर टाका, पीक निवडा, क्षेत्र भरा, कागद अपलोड करा, पुढचा अर्ज घ्या.

यातले बरेचसे काम माउसवर चालते. गावांची लांबलचक यादी उघडते, बोट दाबायच्या क्षणी कर्सर किंचित घसरतो आणि वरचे गाव निवडले जाते. गाव चुकले की गट नंबर जुळत नाही आणि सगळे पुन्हा भरावे लागते. दिवसातून पाच-सहा वेळा असे झाले, की चालक म्हणतो, ‘हा माउस कामातून गेला.’ नवा माउस येतो. तोही तसाच पळतो, कारण पळण्याचे कारण माउसमध्ये नसते. हाताच्या हालचालीला पडद्यावर किती पटीने गुणायचे, हा आकडा संगणकात साठवलेला असतो, आणि तो कुणीतरी, कधीतरी, दुसऱ्याच हातासाठी आणि दुसऱ्याच पडद्यासाठी ठरवलेला असतो.

तो आकडा बदलायला अर्धे मिनिट पुरते. पण तो बदलता येतो हे ठाऊक नसल्याने नुकसान फार मोठे होते. संगणक शिकायला पहिल्यांदा बसलेली व्यक्ती चार वेळा चुकली, की ‘आपल्याला हे जमायचे नाही’ अशी स्वतःची समजूत घालून उठते. तिच्या हातात काहीच खोट नसते. म्हणून हा विषय किरकोळ समजू नये.

माउस संगणकाला काय सांगतो

पहिला माउस लाकडाचा होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबर्ट यांनी त्याची कल्पना मांडली आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये तो बनवला. लाकडी ठोकळ्याच्या पोटाशी दोन चाके होती, एकमेकांना काटकोनात. एक आडवी हालचाल मोजायचे, दुसरे उभी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबर्ट यांनी तो भरसभेत चालवून दाखवला आणि १९७० मध्ये त्याचे पेटंट मिळाले. चाकांची जागा पुढे रबरी आवरणाच्या गोळीने घेतली. ज्यांनी २००१ नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम केला, त्यांना ही गोळी चांगली आठवत असेल. दर आठवड्याला खालची चकती फिरवून गोळी काढायची, आतल्या रुळांवर चिकटलेली मळाची पट्टी नखाने खरवडायची, मग माउस पुन्हा सुरळीत चालायचा.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘इंटेलिमाउस एक्सप्लोरर’ आला आणि गोळीचे दिवस भरले. त्याच्या पोटात दिवा आणि बारीकसा कॅमेरा होता. हा कॅमेरा खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला १५०० चित्रे घेई आणि दोन चित्रांतला फरक पाहून माउस किती सरकला ते ठरवी. आजचा साधा ऑप्टिकल माउसही याच तत्त्वावर चालतो.

चाके असोत, गोळी असो की कॅमेरा, माउस संगणकाला एवढेच कळवतो: ‘मागच्या खबरेनंतर उजवीकडे इतका, वर इतका सरकलो.’ पडद्यावर कर्सर कुठे आहे, हे माउसला माहीत नसते. साधा यूएसबी माउस अशी खबर सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी देतो. हालचालीच्या सर्वांत लहान मापाला संगणकवाले ‘मिकी’ म्हणतात, डिस्नेच्या उंदरावरून. एक इंच सरकल्यावर माउस किती मिकी मोजतो, तो त्याचा डीपीआय. खोक्यावर ‘१००० डीपीआय’ लिहिले असेल, तर इंचभर हालचालीत तो हजार मिकी कळवतो. मिकींचे पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, करण्याचे काम मात्र विंडोज किंवा लिनक्स करते. संवेदनशीलता आणि त्वरण या दोन्ही सेटिंग त्या रूपांतराच्या जागी बसतात.

एका मिलिमीटरचा हिशेब

संवेदनशीलता म्हणजे साधा गुणाकार. विंडोजच्या जुन्या माउस खिडकीत पॉइंटरच्या वेगाची पट्टी असते, तिच्यावर ११ खुणा आहेत. मधली, म्हणजे सहावी खूण, एका मिकीला एक पिक्सेल असा सरळ हिशेब ठेवते. डावीकडे सरकल्यावर पाचव्या खुणेवर पाऊण पट, चौथ्यावर अर्धी, तिसऱ्यावर पाव. उजवीकडे सातव्यावर दीडपट, आठव्यावर दुप्पट, आणि अगदी टोकाला अकराव्यावर साडेतीन पट. हे गुणक त्वरण बंद असतानाचे आहेत. त्वरणाचा विचार पुढे येईल.

आता १००० डीपीआयचा माउस आणि मधली खूण घेऊ. इंचात २५.४ मिलिमीटर, म्हणजे हात एक मिलिमीटर सरकला की कर्सर सुमारे ३९ पिक्सेल सरकतो. ब्राउझरमधल्या अर्जावर ‘मी सहमत आहे’ यापुढची टिकमार्कची चौकट साधारण १३ पिक्सेलची असते. ती हाताच्या हालचालीत मोजली तर एका मिलिमीटरचा तिसरा हिस्सा भरते. गावांच्या यादीतली एक ओळ २० पिक्सेल उंच धरली, तर ती हाताच्या अर्ध्या मिलिमीटरएवढी. बोटाने बटण दाबताना तळवा अर्धा मिलिमीटर हलणे ही अगदी साधी गोष्ट आहे. पट्टी उजव्या टोकाला असेल तर त्याच एका मिलिमीटरमध्ये कर्सर जवळपास १४० पिक्सेल जातो, म्हणजे सात गावे ओलांडतो.

पट्टी दोन खुणा डावीकडे आणली की तीच ओळ हाताच्या एका मिलिमीटरची होते. चूक व्हायला दुप्पट जागा मिळते. त्याची किंमत काय? १९२० पिक्सेल रुंद पडदा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओलांडायला आधी जेमतेम ५ सेंटिमीटर हात सरकवावा लागत होता, आता सुमारे १० सेंटिमीटर लागतो. केंद्रांत अजूनही दिसणाऱ्या १३६६ पिक्सेलच्या पडद्याला ७ सेंटिमीटर पुरतात. कीबोर्ड, प्रिंटर, स्कॅनर आणि कागदांचा गठ्ठा यांतून टेबलावर वीतभर जागा मोकळी असली तरी हे भागते.

जुने पडदे आणि जुने माउस यांचे प्रमाण आपोआप जुळत असे. ६४० पिक्सेल रुंद पडदा आणि ४०० डीपीआयचा गोळीचा माउस असताना पडदा ओलांडायला चार सेंटिमीटर लागत. नंतर पडदे रुंद झाले आणि माउसही बारीक मोजू लागले, पण प्रत्येक जोडी एकाच प्रमाणात वाढली नाही. म्हणून पडदा किंवा माउस बदलला की वेग पुन्हा बसवायला हवा. एका माणसाला दहा वर्षे जमलेले काम नव्या माउसवर अचानक जमेनासे होते, त्यामागे बहुतेकदा हेच असते.

वेगाला वेग

संवेदनशीलतेत एक अडचण उरतेच. वेग कमी ठेवला तर लहान चौकट नेमकी पकडता येते, पण पडदा ओलांडताना माउस उचलून पुन्हा ठेवावा लागतो. वेग वाढवला तर पडदा झटकन ओलांडता येतो, पण चौकट निसटते. यावर काढलेला तोडगा म्हणजे त्वरण. हात सावकाश हलला तर गुणाकार लहान, हात झपाट्याने हलला तर गुणाकार मोठा.

जुन्या विंडोजमध्ये ही गोष्ट उंबरठ्यांनी केली जाई. एका खबरेत ६ मिकींपेक्षा जास्त हालचाल आली तर ती दुप्पट धरायची, आणि त्वरण वरच्या पायरीवर असेल तर १० मिकींच्या पुढे चौपट. वीजबिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर आणि पुढच्या युनिटांना वाढीव दर लागतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की बिलात वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो आणि इथे उंबरठा ओलांडला की सगळीच हालचाल वाढीव दराने मोजली जाते. त्यामुळे कर्सर मध्येच उसळी घेई. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले आणि पायऱ्यांच्या जागी सलग चढत जाणारी वक्ररेषा आली. तिचे नाव ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’. विंडोजमध्ये ती मुळातच चालू असते. नाव वाचून नेमकेपणा वाढेल असे वाटते. संथ हालचालीत ते खरेही आहे, कारण तेव्हा कर्सर एरवीपेक्षा हळू चालतो. मात्र हात झटक्यात हलला की तोच कर्सर लांब उडी मारतो.

त्वरणाने काम खरोखर लवकर होते का, हा प्रश्न संशोधकांनी अनेकदा तपासला आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात हर्बर्ट जेलिनेक आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, त्वरण दिल्याने लोकांचा वेग वाढल्याचे दिसले नाही. तरीही ते लोकांना आवडते याचे कारण त्यांनी टेबलावर लागणाऱ्या जागेत शोधले: त्वरण असले की माउसला कमी जागा पुरते. २००८ मध्ये जेरी कॅसिए, डॅनियल व्होगेल, रविन बालकृष्णन आणि अँडी कॉकबर्न यांनी पुन्हा मोजमाप केले, तेव्हा त्वरणाचा थोडा फायदा दिसला, आणि तो लहान लक्ष्यांवर अधिक होता. गुणाकार फारच कमी ठेवल्याने काम मंदावते, हेही त्यांना आढळले.

या सगळ्या मोजमापांच्या मुळाशी एक जुना नियम आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवले, की एखाद्या जागी हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ हा अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. लांबचे आणि लहान लक्ष्य गाठायला जास्त वेळ, जवळचे आणि मोठे लक्ष्य गाठायला कमी. १९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड, बिल इंग्लिश आणि बेटी बर यांनी माउस, जॉयस्टिक आणि कीबोर्डच्या कळा यांची तुलना केली, तेव्हा माउस या नियमाला धरून चालतो आणि जवळजवळ उघड्या हाताइतकीच चपळाई देतो, असे दिसले. म्हणजे माउस नीट बसवलेला असेल तर मर्यादा हाताची उरते, यंत्राची नाही.

डबल क्लिक का चुकतो

एमएस-सीआयटीच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी सर्वांत जास्त वेळ कुठे जातो, हे कोणताही शिकवणारा सांगेल: डबल क्लिकमध्ये. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने हा अभ्यासक्रम २००१ पासून गावोगाव नेला. शासकीय कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता सक्तीची झाल्यावर चाळिशी-पन्नाशीतले शिक्षक आणि कारकून कॉलेजच्या पोरांशेजारी बसून माउस धरायला शिकले. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पहिली शिकणारी पिढीही याच खुर्च्यांवर बसली. खुरपे किंवा कोयता धरून तयार झालेला हात माउसही घट्ट आवळून धरतो. आवळलेल्या मुठीत बोट दाबले की सगळा तळवा हलतो.

इथे विंडोजचा एक नियम आड येतो, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. दोन क्लिक डबल क्लिक म्हणून धरले जायला दोन अटी आहेत. पहिली वेळेची: दुसरा क्लिक अर्ध्या सेकंदाच्या आत यायला हवा. दुसरी जागेची: दोन्ही क्लिक अवघ्या ४ पिक्सेलच्या चौकोनात पडायला हवेत. १००० डीपीआयच्या माउसवर ४ पिक्सेल म्हणजे हाताचा एक दशांश मिलिमीटर. कागदाच्या जाडीएवढी ही हालचाल. बटण दाबून धरलेले असताना कर्सर एवढ्याशा मर्यादेबाहेर गेला, की विंडोजला वाटते आयकॉन ओढायचा आहे. म्हणून फोल्डर उघडण्याऐवजी आयकॉनच दुसरीकडे जाऊन बसतो. आणि दोन क्लिकमध्ये जरा जास्त वेळ गेला तर फाइलचे नाव बदलायची निळी चौकट उघडते. ‘सर, हे काय झालं?’ हा प्रश्न तिथूनच येतो.

यावर उपाय आहेत. माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकच्या वेगाची पट्टी असते. ती ‘स्लो’कडे सरकवली की अर्ध्या सेकंदाची मुदत ९०० मिलिसेकंदांपर्यंत वाढते. पॉइंटरचा वेग दोन खुणा कमी केला की हात थरथरला तरी कर्सर चौकोनाबाहेर सहज जात नाही. नव्या शिकणाऱ्यासाठी ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ चालू ठेवणेही हिताचे, कारण संथ हालचालीत कर्सर आणखी हळू चालतो आणि थरथर दबते. मनगट टेबलावर टेकवायचे आणि मूठ सैल सोडायची. आणि ज्याला डबल क्लिक जमतच नाही, त्याला एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवावे. फोल्डर तेवढ्याने उघडतो. वयस्कर हाताला लहान लक्ष्यावर पोचताना शेवटी बारीक दुरुस्त्या जास्त कराव्या लागतात. त्याला वेळ देणारी सेटिंग देणे हे शिकवण्याचेच काम आहे.

फ्लेक्सवाला, अर्ज भरणारा आणि खेळणारा

एकच सेटिंग सगळ्यांना सोयीची का नसते, ते बीडच्या बाजारपेठेत लगेच दिसते.

फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचा बॅनर तयार होत असतो. फोटोशॉपमध्ये पेन टूलने फोटोतला माणूस मागच्या भिंतीपासून वेगळा करायचा आहे. कानाच्या पाळीभोवती, फेट्याच्या तुऱ्याभोवती एकेक बिंदू टाकत जायचे काम. इथे कर्सर एकेका पिक्सेलवर थांबायला हवा. पट्टी मधल्या खुणेच्या उजवीकडे असेल तर तसे होऊच शकत नाही. साडेतीन पटीवर हात कितीही सावकाश हलवला तरी कर्सर तीन-चार पिक्सेलच्या उड्या मारतो आणि मधले पिक्सेल हाती लागत नाहीत. म्हणून अशा कामाला पट्टी मध्यावर किंवा एक खूण डावीकडे हवी. बरेच जण त्वरणही बंद ठेवतात, कारण हाताच्या ठराविक हालचालीला रेषा प्रत्येक वेळी तेवढीच पुढे जावी असे त्यांना वाटते. उरलेला नेमकेपणा झूम करून आणि कीबोर्डवरच्या बाणांनी साधला जातो.

अर्ज भरणाऱ्याची गरज वेगळी. त्याचा हात सतत कीबोर्डवरून माउसवर आणि माउसवरून कीबोर्डवर जात असतो. टेबलावर जागा कमी आणि लक्ष्ये लहान. त्याला त्वरण उपयोगी पडते, फक्त वेग एक-दोन खुणा उतरवून ठेवावा. शिवाय टॅब दाबून पुढच्या रकान्यात जाणे आणि यादीत गावाचे पहिले अक्षर टाइप करून खालच्या-वरच्या बाणाने गाव गाठणे या दोन सवयी लागल्या, तर माउसवरचा बराच भार कमी होतो.

तिसरा हात खेळणाऱ्याचा. ‘काउंटर-स्ट्राइक’ किंवा २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’सारख्या खेळांत नेम हाताच्या सवयीवर धरला जातो. काउंटर-स्ट्राइकमध्ये एक मिकी म्हणजे ०.०२२ अंश, गुणिले खेळातली संवेदनशीलता. ८०० डीपीआयच्या माउसवर संवेदनशीलता २ ठेवली, तर खेळाडूला एक पूर्ण गिरकी घ्यायला हात सुमारे २६ सेंटिमीटर सरकवावा लागतो. हे अंतर दर वेळी तेवढेच राहिले तरच हाताला ते पाठ होते. त्वरण चालू असेल तर तेच अंतर झटक्यात कापल्यावर वेगळी गिरकी बसते. म्हणून खेळणारी मुले ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ सर्वांत आधी बंद करतात. काही खेळांत ‘रॉ इनपुट’ नावाची सोय असते. ती चालू केली की खेळ विंडोजचा गुणाकार बाजूला ठेवून थेट माउसच्या मिकी वाचतो.

बदल कुठे करायचा

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ आणि त्यात ‘माउस’ येथे जावे. पॉइंटरच्या वेगाची पट्टी तिथेच आहे. इथे ती १ ते २० अशी मोजली जाते आणि १० म्हणजे जुन्या पट्टीची मधली खूण. ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’चे बटणही त्याच पानावर आहे. विंडोज १० मध्ये ‘डिव्हायसेस’ आणि ‘माउस’ असा रस्ता आहे. कोणत्याही विंडोजवर चालणारा जवळचा मार्ग म्हणजे विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून उघडलेल्या चौकटीत ‘मेन डॉट सीपीएल’ इंग्रजीत टाइप करणे. जुनी माउस खिडकी लगेच समोर येते. तिच्या ‘पॉइंटर ऑप्शन्स’ या पानावर वेग आणि त्वरण, तर ‘बटन्स’ या पानावर डबल क्लिकची पट्टी मिळते. कर्सर हरवत असेल, तर कंट्रोल दाबल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ दाखवणारी खूणही ‘पॉइंटर ऑप्शन्स’मध्येच आहे.

उबुंटूसारख्या लिनक्समध्ये ‘सेटिंग्ज’मधल्या ‘माउस’च्या पानावर वेगाची पट्टी असते, आणि नव्या आवृत्त्यांत त्वरण बंद-चालू करण्याचे बटणही. तिथे त्वरणाचे दोन प्रकार मानले जातात: ‘फ्लॅट’ म्हणजे स्थिर गुणाकार आणि ‘अडॅप्टिव्ह’ म्हणजे हाताच्या वेगानुसार बदलणारा.

बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निदान एक दिवस तीच ठेवावी, कारण हाताला जुनी सवय सोडायला वेळ लागतो. तपासणी सोपी आहे. पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत मनगट न उचलता जाता येते का, आणि खिडकी बंद करायची फुली पहिल्या झटक्यात पकडता येते का, हे पाहावे. कर्सर वारंवार फुलीच्या पुढे जात असेल तर वेग एक खूण कमी करावा; अलीकडेच थांबत असेल किंवा माउस सतत उचलावा लागत असेल तर एक खूण वाढवावा.

सेटिंगचा दोष नसतो तेव्हा

कर्सर अडखळत चालत असेल, थांबून मग एकदम पुढे जात असेल, तर सेटिंगला हात लावण्याआधी इतर कारणे तपासावीत. हार्ड डिस्कवर ताण असला की सगळा संगणकच गुदमरतो आणि कर्सरही. बिनतारी माउसचा सेल उतरत आला की अशीच लक्षणे दिसतात. त्याचा लहान रिसीव्हर यूएसबी ३.० च्या पोर्टला, पेन ड्राइव्हच्या अगदी शेजारी लावला असेल तर लहरींचा अडथळा येतो. तो पुढच्या पोर्टला लावून पाहावा.

पृष्ठभागाकडे तर नेहमीच दुर्लक्ष होते. टेबलावर काच टाकलेली असेल तर साध्या ऑप्टिकल माउसच्या कॅमेऱ्याला खाली काही दिसतच नाही. चकचकीत सनमायकावरही तो चुकतो. उन्हाळ्यात धूळ उडते, ती माउसच्या खालच्या छिद्रात बसते. कापसाच्या बोळ्याने ती काढावी. कापडी पॅड नसेल तर कोरा कागद किंवा वहीचा पुठ्ठाही पुरतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो: चार्जर लावला की टचपॅडवर कर्सर थरथरतो. सॉकेटला अर्थिंग नसल्याचे ते लक्षण असू शकते, आणि असा थरकाप कोणत्याही पट्टीने थांबत नाही.

आणि काही माउसवर चाकामागे एक लहान बटण असते. ते दाबले की डीपीआय बदलतो, ८०० चा १६०० होतो. काम करताना बोट चुकून त्यावर पडते आणि ‘माउस एकदम पळायला लागला’ अशी तक्रार येते. ते बटण पुन्हा दोन-तीनदा दाबले की वेग जागेवर येतो.

एक संगणक, अनेक हात

बीडसारख्या जिल्ह्यात संगणक सहसा एकट्याचा नसतो. सकाळी मालक, दुपारी कामाला ठेवलेला मुलगा, संध्याकाळी बहीण. प्रयोगशाळेत तर दर तासाला नवी बॅच. एकाने स्वतःच्या सोयीने वेग वाढवला की पुढचा अडखळतो, आणि वेग बदललेला आहे हे त्याला कळतही नाही. विंडोज माउसची सेटिंग वापरकर्त्याच्या खात्यात साठवते. म्हणून प्रत्येकासाठी वेगळे खाते उघडले, की प्रत्येकाचा वेग, त्वरण आणि डबल क्लिकची मुदत त्याच्यापुरती राहते. केंद्रात कामाला दोघे असतील तर दोन खाती, प्रयोगशाळेत ‘नवशिके’ नावाचे एक वेगळे खाते: वेग दोन खुणा कमी, डबल क्लिक संथ, कर्सर मोठा. पहिल्या बॅचच्या पहिल्या तासात हे दाखवायला पाच मिनिटे पुरतात, आणि वेगाची पट्टी शिकणाऱ्याने स्वतःच्या हाताने सरकवून पाहिली पाहिजे.

डावखुऱ्यांचाही यात विचार व्हावा. वर्गात एक-दोघे असतातच, आणि ते उजव्या हाताने अवघडून माउस चालवत राहतात. मुख्य बटण बदलण्याची सोय सेटिंगच्या पहिल्याच पानावर आहे. ती निवडली, माउस कीबोर्डच्या डावीकडे ठेवला, की तर्जनीखाली मुख्य क्लिक येतो. आणि खाते वेगळे असल्यामुळे पुढच्या बॅचला बटणे पुन्हा नेहमीसारखी मिळतात.